कुंकवाखालचा नंबर

गुणवंत देवतळे गाडी चालवायला कधीच शिकले नाहीत. ज्या माणसाची उभी नोकरी चोरीच्या गाड्यांची इंजिनं तपासण्यात गेली, त्याच्या पायाला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे ठाऊक नव्हतं. दिल्लीतल्या मराठी मंडळींत यावरून त्यांची भरपूर टिंगल व्हायची, आणि अहिल्याबाई त्यात आणखी तेल ओतायच्या. "आमच्याकडे वाटणी झालेली आहे," त्या म्हणायच्या. "गाडी मी हाकते, इंजिन हे वाचतात."

ही वाटणी खरीच होती. फियाट अकराशे. फिकट निळी, मागे डोळे वटारल्यासारखे दोन लाल दिवे. कलकत्त्याला बदली झालेल्या एका बंगाली साहेबाकडून घेतलेली. तेव्हा देवतळे सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते आणि लेक चेतना बालवाडीत होती. अहिल्याबाई इंडिया गेटभोवतीच्या मोकळ्या रस्त्यांवर एका सरदारजींच्या हाताखाली गाडी शिकल्या. पुण्याची बाई, नऊवारी सोडून पाचवारीवर आलेली, पदर कमरेला खोचून स्टिअरिंग धरायची, आणि शेजारी डाव्या सीटवर गुणवंतराव मांडीवर पिशवी घेऊन बसायचे. चौकातले शिपाई वळून बघायचे. गुणवंतरावांना त्याचं काही वाटायचं नाही. ते इंजिन ऐकत असायचे.

ते मूळचे हिंगणघाटकडचे. दिल्लीत येऊन जन्म गेला, पण जीभ वर्धा नदी ओलांडून आलीच नाही. प्रयोगशाळेतले पंजाबी सहकारी त्यांच्या हिंदीवर हसायचे, अहिल्याबाई त्यांच्या मराठीवर.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. गाडी चोरणारा माणूस इंजिनावरचा नंबर कानशीने घासतो आणि त्या जागी दुसरा ठोकतो. किंवा एका गाडीचं इंजिन काढून दुसरीत बसवतो आणि कागदाप्रमाणे आकडे जुळवून देतो. पोलीस असली गाडी प्रयोगशाळेत आणून उभी करायचे आणि विचारायचे, हे इंजिन या गाडीचंच की उपरं? गुणवंतराव आधी नुसतं बघायचे. कारखान्यातले आकडे एका ओळीत, एका खोलीचे असतात. हाताने ठोकलेला आकडा कुठेतरी मान वाकडी करतो. नंबराच्या चौकोनावर कानशीच्या रेघा आहेत का, बाकी ब्लॉक खरखरीत आणि तेवढीच जागा गुळगुळीत का, हे ते बोट फिरवून पाहायचे. आणि शंका आली की पॉलिश करून आम्ल लावायचे. लोखंडावर आकडा ठोकला की त्याच्या खालचं लोखंडही दबतं. वरचा आकडा गेला तरी खालची दबलेली जागा आम्लाला वेगळी लागते. लहानपणी त्यांनी बापाच्या शेतात पाहिलं होतं, खळं मोडून वर नांगर फिरवला तरी त्या जागेची ढेकळं निराळीच निघायची. तसंच ते.

कोर्टात वकील खवळायचे. "आप कैसे कह सकते हैं?"

"मैं नहीं कहता," गुणवंतराव म्हणायचे. "लोहा कहता है."

निवृत्त होऊन ते मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आले तोवर दिल्लीच्या कडा फुटायला लागल्या होत्या. गुडगावकडे शेतांचे प्लॉट होत होते आणि प्लॉटांचे टॉवर. सोसायटीच्या आवारात बजाजच्या जागी मारुती आली, मारुतीच्या शेजारी सिएलो आली, आणि मग पार्किंगवरून भांडणं आली. ज्यांच्याकडे नव्याचं फार झालं त्यांना जुन्याची हौस सुटली. ब्रिजमोहन कोहली हा त्यातलाच. संगमरवराचा व्यापारी. गुडगावच्या अर्ध्या नव्या बाथरूमांत त्याचीच फरशी होती म्हणे. त्याने हौसेने एक जुनी ऑस्टिन घेतली, सगळ्या पाहुण्यांना फिरवून दाखवली, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी सांगितलं की आत जनरेटरचं इंजिन आहे. तेव्हापासून तो देवतळे साहेबांनी बोट फिरवल्याशिवाय गाडीला हात लावत नव्हता. इंजिन अस्सल असेल तर गाडी घ्यायची, बदललेलं असेल तर देवाने दिली तरी नको.

अहिल्याबाई गेल्या त्या पौषात. सकाळी स्वयंपाकघरातल्या पाटावर लसूण सोलायला बसल्या आणि तिथेच कलल्या.

त्या दिवसापासून गुणवंतरावांचं काय झालं ते कुणाला नीट सांगता यायचं नाही, कारण काही झालंच नव्हतं. निगमबोध घाटावर स्मशानाच्या वहीत त्यांनी सही केली, ती रिपोर्टाखाली करायचे तशीच सरळ. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला चहा पाजला. तेराव्याला आलेल्या लोकांना चपला कुठे ठेवायच्या ते सांगितलं. त्यानंतर ते रोज वेळेवर उठत होते, दाढी करत होते, पेपर वाचत होते. एकदा कामवाल्या पार्वतीने पोह्यांत मीठच घातलं नाही. यांनी ताटली चाटून पुसून संपवली. पार्वतीने स्वतः खाल्ले तेव्हा तिला कळलं, आणि तीच रडत बसली.

"बाबा, एकदा रडून घ्या ना यार," चेतना म्हणाली. ती गुडगावला नव्या टॉवरमध्ये राहायची. दर रविवारी नवरा निखिल तिला सोडून जायचा.

"आलं की रडीन," गुणवंतराव म्हणाले. "नळ आहे का तो?"

गाडी खाली ताडपत्रीखाली उभी होती. जागेसाठी सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात गाठायचा. चेतनाचा वेगळाच धोशा होता, फ्लॅट भाड्याने द्या आणि माझ्याकडे चला. गुणवंतराव दोघांनाही हो म्हणायचे. त्यांना कशाचंच नाही म्हणावंसं वाटत नव्हतं.

श्राद्धपक्षात कोहली एका मॉरिसचं विचारायला म्हणून आला आणि खाली ताडपत्रीपाशीच थांबला. एक कोपरा उचलून त्याने आत पाहिलं आणि लहान मुलासारखा तोंड उघडून उभा राहिला.

"सर! आपने बताया नहीं?"

"क्या बताना? मॅडम की गाडी है."

"बचपन में हमारे मोहल्ले में एक ही थी, सर. डॉक्टर साहब की. हम हाथ लगाते थे तो कंपाउंडर मारता था." त्याने बॉनेटवर हात ठेवला. मारायला आता कुणी नव्हतं. "मुझे दे दो, सर. दशहरे पर घर ले जाऊँगा. बस, इंजन असली हो. वो आप खुद बता देना, आपसे बड़ी मुहर कौन सी है?"

"असलीच आहे," गुणवंतराव मराठीत म्हणाले, आणि मग हिंदीत, "देखकर बताता हूँ."

त्या रविवारी त्यांनी चेतनाला ही गोष्ट सांगितली. चेतना चहा गाळत होती.

"अच्छा, पण इंजिन तर बदललेलं आहे ना?" ती सहज म्हणाली.

"कोण म्हणते?"

"मीच पाहिलंय. तुम्ही गुवाहाटीला गेला होता ना, साक्षीला? मी चौथीत होते. आग्रा रोडवर इतका धूर आला की आईने मला झाडाखाली उभं केलं. मग ट्रकने ओढत कुठल्यातरी गॅरेजला नेली. तिथे इंजिन साखळीला लटकलेलं होतं, बाबा, आणि आत नुसता खड्डा." तिने कप पुढे केला. "आई म्हणाली, बाबांना बिल्कुल बोलायचं नाही. मला कुल्फी पण दिली. तुम्हाला... तुम्हाला माहीत नव्हतं?"

गुणवंतरावांनी कप घेतला. घोट घेतला. चहा गरम होता एवढं कळलं.

गुवाहाटीहून ते परत आले तेव्हा अहिल्याबाईंनी स्टेशनावर गाडी आणली होती. इंजिनाचा आवाज थोडा घट्ट वाटला, म्हणून त्यांनी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सर्व्हिसिंग केलं. तुम्हाला बरं ऐकू येतं!" आणि त्यांनी तो विषय तिथेच ठेवला. जगातल्या सगळ्या इंजिनांवर बोट फिरवणाऱ्या माणसाने आपल्या दारातल्या इंजिनाकडे त्यानंतर कधी भिंग नेलं नाही. प्रयोगशाळेत कुणीतरी चिडवलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "घरच्या माणसाचे ठसे कोणी घेते का, बाप्पा?"

लोखंड त्यांच्याशी खोटं बोललं होतं, फौजदार बोलले होते, एक जज्जसुद्धा बोलला होता. अहिल्या बोलली असेल, असं त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. कोहलीला गाडी द्यायची की मायापुरीच्या भंगारात, हा प्रश्न त्या घोटाबरोबरच बाजूला पडला. इतकी वर्षं डाव्या सीटवर बसून आपण जे ऐकलं ते आपलं इंजिन होतं की कुणा टॅक्सीचं, एवढंच आता त्यांना पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुनी लाकडी पेटी घेऊन खाली उतरले. ताडपत्री काढून घडी केली. बॉनेट वर करून काठीने टेकवलं. आत धूळ, कोळ्याची जाळी, आणि चिमणीने आणून टाकलेल्या काड्या.

वरवर पाहून काही ठरणार नव्हतं. ब्लॉक त्याच कारखान्याचा होता, ओतीव अक्षरं जागच्या जागी होती, पण तसले ब्लॉक दिल्लीच्या गॅरेजांत त्या काळी ढिगाने मिळायचे. नंबरच पाहायला हवा होता. आणि नंबराच्या चौकोनावर लाल-तपकिरी रंगाचा जाड पापुद्रा बसला होता.

तो काय आहे हे गुणवंतरावांना माहीत होतं. दर दसऱ्याला अहिल्याबाई गाडीची पूजा करायच्या, आणि ती चारचौघांसारखी बॉनेटवर स्वस्तिक काढून नाही. "पत्रा काय गाडी ओढतो?" म्हणत त्या बॉनेट उघडायच्या आणि थेट इंजिनाला हळदकुंकू लावायच्या. सगळ्या खाचाखोचांत सपाट अशी जागा एकच सापडायची, नंबराची. तिथे लिंबू पिळायचं, त्यात हळदकुंकू कालवून अंगठ्याने दाबून बसवायचं, वर अक्षता, वर झेंडूची पाकळी, आणि चाकाशी नारळ फोडला की त्याचं पाणी त्यावर शिंपडायचं.

"अवं, ते नंबरची जागा आहे," गुणवंतराव दरवर्षी म्हणायचे.

"असू दे की. देवालाही नाव-गाव कळेल."

आणि ते आपट्याचं पान हातात घेऊन उभे राहायचे. पान आपट्याचं कसलं, दिल्लीत मिळेल त्या झाडाचं.

त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला. पापुद्रा हलला नाही. लाकडी पट्टीने कडा सुटी केली, तेव्हा तो वाळल्या खपलीसारखा तुकड्या-तुकड्यांनी निघाला. खाली लोखंडाला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. लिंबू, नारळाचं पाणी आणि दिल्लीच्या श्रावण-भादव्यातली दमट हवा यांनी वर्षानुवर्षं ते लोखंड खाल्लं होतं. आकड्यांपैकी दोन अर्धवट दिसत होते. बाकी सपाट. पोलिसांनी हीच गाडी आणली असती तर त्यांनी डोळे मिटून लिहिलं असतं, नंबर नष्ट केलेला आहे.

हात आपोआप चालत होते. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. एकाच दिशेने. पेपर भरला की झटकायचा, पुन्हा लावायचा. मधे सेक्रेटरी येऊन विचारून गेला, "देवतलेजी, बेच रहे हैं न?" यांनी मान हलवली. चौकोन आरशासारखा लख्ख झाला तेव्हा त्यांनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला, बाटलीतल्या आम्लात बुडवला आणि हलके हलके फिरवायला लागले. थांबायचं. पुन्हा फिरवायचं. या कामात घाई केलेला माणूस नंबर कायमचा घालवतो.

आरशावर पूर्वी कुणी बोटाने काही लिहिलेलं असावं आणि फुंकर मारताच ते वर यावं, तसे आकडे आले. आधी एक फिकट सात. मग शून्य. मग सगळे. त्यांनी भिंग लावलं. एकाच यंत्राचा हात. मान कुणाची वाकडी नाही. खाली दुसऱ्या कुठल्या आकड्याची सावली नाही.

नंबर त्यांना पाठ होता. तोच होता.

"बरोबर आहे," गुणवंतराव मोठ्याने म्हणाले, प्रयोगशाळेत मदतनिसाला सांगायचे तसे. मग ते थांबले. आता काहीतरी होईल, असं त्यांना वाटलं. छातीत, घशात, कुठेतरी. ते वाट पाहत उभे राहिले. पलीकडच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी गादी झोडत होतं. तो आवाज संपला. झालं काही नाही.

पाण्याने चौकोन धुतला, पुसला, गंज चढू नये म्हणून वर पातळ वॉर्निश मारलं. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी वापरलेले बोळे, पेपर आणि निघालेली खरवड एका कागदावर गोळा केली. पुरावा टाकायचा नसतो, पुडी बांधून वर नमुन्याचं नाव लिहायचं. पुडी बांधताना त्यांनी प्रथमच तिच्यात पाहिलं. लाल थर, पिवळा थर, पुन्हा लाल. एका तुकड्याच्या वरच्या बाजूला खोलगट खळगा होता, अंगठ्याएवढा.

त्यांनी तो तुकडा चिमट्याने उचलून परत चौकोनावर धरला. लख्ख लोखंडावर तो कुठेच बसत नव्हता.

त्यांनी पुडी नाकाशी नेली. रॉकेल आणि आम्ल. दुसरा कसला वास नव्हता. पेन काढून ते नाव लिहायला वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग टोपण लावलं, आणि कोरी पुडी सदऱ्याच्या खिशात टाकली.

वर येऊन त्यांनी चेतनाला फोन लावला. "तेच आहे."

"तेच? अरे, मग मी पाहिलं ते काय होतं?"

"सिलिंडर आतून घासून बोअर करून घेतलं असेल. त्याच्यासाठी बाहेर काढावं लागते."

"मग लपवायचं कशाला? सांगायचं ना तुम्हाला."

"सांगितलं असतं तं मी विचारलं असतं, रेडिएटरमधलं पाणी काऊन नाही पाह्यलं?"

चेतना फसकन हसली. "बरोबर. आणि भिंग घेऊन महिनाभर बसला असता." हसता हसता तिचा आवाज फुटला आणि ती हमसाहमशी रडायला लागली. गुणवंतराव रिसीव्हर धरून उभे होते. लेकीचं रडणं कानाला लागत होतं, आत उतरत नव्हतं. तिचं थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.

अहिल्या खोटं बोलली नव्हती, त्यांना वाटलं. तिने फक्त सांगितलं नव्हतं. अहवालात या दोन्हींसाठी वेगळे रकाने असतात. आपल्याला मात्र 'सांगितलं नाही' हा रकाना पुरला नाही, आपण पेटी घेऊन खाली गेलो. यावर त्यांनी पुढे विचार केला नाही.

पार्वतीने खिसे न पाहताच सदरे धुवायला टाकले. पुडी आत विरघळली. खिशावर मोठा डाग पडला, मधे पिवळा, कडेला लालसर. पार्वतीने साबण, लिंबू, ऊन सगळं करून पाहिलं. "नहीं जाता, बाबूजी," ती म्हणाली. "रहने दो," गुणवंतराव म्हणाले. दसऱ्याला त्यांनी तोच सदरा घातला. चेतनाने तो डाग पाहिला.

गाडी न्यायला कोहली सकाळीच आला. बरोबर ड्रायव्हर, मिठाईचे डबे आणि म्हातारी आई कौशल्या. चाकांना फुलांच्या माळा बांधल्या. गुणवंतरावांनी बॉनेट उघडून नंबर दाखवला, आणि कोहली लख्ख चौकोनासमोर हात जोडूनच उभा राहिला. "शीशा बना दिया, सर!"

बॉनेट बंद केलं. म्हातारी थाळी घेऊन पुढे आली आणि रोळीत, त्यांच्याकडच्या ओल्या कुंकवात, बोट बुडवून पत्र्यावर टेकवणार, तोच गुणवंतराव म्हणाले, "वहाँ नहीं, माताजी."

त्यांनी बॉनेट पुन्हा वर केलं, काठी लावली, आणि चौकोनाकडे बोट केलं. "इधर लगता है."

"सर, नंबर!" कोहली ओरडला. "आप ही तो कहते हैं, लोहे पर कुछ नहीं लगाना. खराब हो जाएगा!"

"हो जाएगा," गुणवंतराव म्हणाले.

म्हातारीने एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे. मग वाकली आणि नंबरावर अंगठा दाबला. "निंबू वी लाना ए?" तिने पंजाबीत विचारलं.

"हाव," गुणवंतराव म्हणाले, आणि मग, "हाँ. नींबू भी. नारियल का पानी भी."

ड्रायव्हरने चावी फिरवली. गाडी खोकली आणि बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तो नव्या गाड्यांचा माणूस, रागाने पेडल दाबायला लागला. गुणवंतराव डाव्या खिडकीशी गेले आणि आत वाकले.

"चोक आधा खींचो," ते म्हणाले. "पैर हटाओ. अब रुको."

"कितना रुकूँ, साहब?"

"रुको." ते ऐकत होते. "अब."

इंजिन लागलं. माळा हलल्या, चेतनाने तोंडाला ओढणी लावली, कोहलीने आईला मागे बसवलं. फिकट निळी गाडी हळूहळू गेटाकडे गेली, थांबली, उजवीकडे वळली. आवाज बराच वेळ येत राहिला, मग बसच्या आवाजात मिसळला. गुणवंतराव तो निवडून काढायचा प्रयत्न करत होते.

"बाबा, चला वर," चेतना म्हणाली. "चहा करते."

"कर," ते म्हणाले. पण हलले नाहीत. जमिनीवर तेलाचा जुना डाग होता, चारी बाजूंना धुळीत उमटलेली ताडपत्रीची सरळ कड होती, आणि त्या रिकाम्या जागेत ते डाव्या बाजूला उभे होते.